सहा ते सात

“मौन म्हणजे नुसते ओठ मिटणं नव्हे गं. बाहेरचा शब्द आत शिरला, की व्रत बुडालं समज.” मावशीने बजावलेलं ते वाक्य तिला नेमकं डॉक्टरांच्या खोलीत आठवलं.

टेबलापलीकडे डॉक्टरीणबाई काहीतरी लिहीत होत्या. तिच्या शेजारच्या खुर्चीत पंधरा वर्षांची लेक नखं कुरतडत होती. महिनाभर ती शाळेच्या नावाने निघायची आणि बागेतल्या बाकावर दिवस काढायची. काल तिथेच चक्कर येऊन पडली, तेव्हा घरी कळलं.

“आरशातली मुलगी मी नाहीच, असं वाटतं म्हणतेस. सगळ्याचाच कंटाळा आलाय म्हणतेस. हे याआधी कुणाला सांगितलं होतंस?”

“आईला.”

आईने चमकून पाहिलं.

“सकाळी सहा ते सात तिचं मौन असतं. बाबा म्हणतात, आई स्विच ऑफ आहे, सातला चालू होईल.” लेक किंचित हसली. “मी तेव्हाच तिच्यासमोर बसून सगळं सांगायचे. एरवी मी तोंड उघडलं की हिचं सुरू. नीट जेवत नाहीस, मोबाइल ठेव, देवाचं नाव घे. मौनात मात्र ऐकते. डोळे मिटून मान हलवते. तेवढ्यावर तर मी इतके दिवस काढले.”

डॉक्टरीणबाई वळल्या. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

आईने तोंड उघडलं. लेकीकडे पाहिलं. मग पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

लेकीला चार दिवस ठेवून घ्यायचं ठरलं. वॉर्डच्या दारात तिने आईचं बोट धरलं, लहानपणी धरायची तसं.

“उद्या सहाला येशील? पण बोलायचं नाही हं.”

“येईन. नाही बोलणार.”

दुसऱ्या दिवशी पाचलाच आईची अंघोळ उरकली. देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. सवयीने हात फळीवरच्या डबीकडे गेला. झाकण उघडलं. आत कापसाचे दोन बोळे होते. लेक मौनात येऊन बडबडू लागली, त्या दिवसापासून ती ते कानात घालून, डोक्यावरून पदर घेऊन जपाच्या लयीत मान हलवत बसत होती.

तिने डबी बंद करून जागेवर ठेवली, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.