फणसाचं तोंड

"देवाचं लाकूड ते, तोंड मातीत घासायचं नाही!" असं म्हणत काकांनी फणसाच्या ओंडक्याची साखळी छोट्या ट्रॅक्टरला पार वर, सीटमागे बांधली. देवळाचा खांब होणार होता त्याचा. आणि ओढणार कोण? तर आपली रेश्मा, पहिल्यांदाच!

तिनं क्लच सोडला. ओंडका जागचा हलेना, ट्रॅक्टरची पुढची चाकंच वर निघाली! समोरची वाट गेली, माडांचे शेंडे गेले, नुसतं निळं आभाळ उरलं. रेश्माला वाटलं, असंच तरंगत ढगावर जाऊन बसावं.

"क्लच दाब गो! उलटशील!" काका किंचाळले.

पायाखाली क्लच आपसूक दाबला गेला. चाकं धपकन जमिनीवर आली. काका घामाघूम.

"काका, साखळी खालच्या हुकालाच बांधायची. वर बांधली की ट्रॅक्टर असा उलटतो."

"मग देवाला काय सांगू?"

"सांगा, पोरगी वाचली!"

काकांनी साखळी खाली बांधली. रेश्मानं गुरांच्या पाण्याचं अर्धं कापलेलं पिंप ओंडका पहारीनं उचलून त्याच्या तोंडाखाली सरकवलं. ओंडका पालखीत बसल्यासारखा डुलत निघाला, तोंडाला चिमूटभर माती न लागता. बाजूनं काका अनवाणी चालत होते. रेश्माची नजर वाटेवर होती, फक्त मधूनच ती आभाळाकडे चोरून बघून घ्यायची.