मातीतला बनियन

काकांची शेती पुढे टिकेल का, हे तपासायला मी त्यांचे दोन जुने सुती बनियन दोन महिन्यांपूर्वी पुरले होते. एक पडीक बांधात, दुसरा सर्वांत जास्त पिकणाऱ्या शेतात. आज उकरल्यावर बांधातून फक्त शिवणीचे धागे निघाले. शेतातला मात्र अख्खाच्या अख्खा आला, नुसता मळलेला. "बघ, माझी जमीन वस्तू कशी जपते!" काका हसले. "धुऊन घालतो आता." "काका, जिवंत मातीने हा कधीच खाल्ला असता. इथे खाणारे जीवजंतूच उरलेले नाहीत." "मग एवढं पीक येतं कुठून?" "खताच्या पोत्यांतून." नोकरी सोडून हेच शेत कसायला कालच आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "खत थांबवलं तर?" मी तो अख्खा बनियन तिच्या हातात ठेवला. काकांनी बनियन हिसकावून पुन्हा पुरला. "मातीला भूक नसेल. खाईल उद्या."