तुलनेचा नमुना

वडिलांना, आप्पांना, यकृताचा तुकडा देण्यासाठी यामिनी रुग्णालयात दाखल झाली आणि पहिल्याच तपासणीत अडकली.

"ताई, तुमच्या यकृतातलं एक एन्झाइम दुसऱ्याच्या नावावर पेटंट झालेलं आहे," परिचारिका म्हणाली. "मालकाच्या सहीशिवाय ते कुणाच्या शरीरात घालता येत नाही. मालक, ॲडव्होकेट निनाद सरदेशमुख."

यामिनीला हायसे वाटले. विद्यापीठात ती जीवरसायनाची विद्यार्थिनी होती आणि निनाद व्यापारी कायद्याचा; प्रकल्प दोघांचा आणि आप्पांनी पाठवलेला डबाही दोघांचा. तुलनेसाठी निरोगी रक्त कमी पडले, तेव्हा प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे तिने स्वतःचेच दिले होते. सुई निघाल्यावर कापूस दाबून धरला होता तो निनादनेच. "यमे, मरू नकोस, प्रबंध मला एकट्याला झेपणार नाही," असे तो म्हणाला होता.

आप्पांच्या खाटेपाशी उभी राहून तिने त्याला फोन लावला.

"ते एन्झाइम ज्या रक्तात सापडलं, त्याचा दाता पेटंटच्या नोंदणीत अज्ञात आहे," सगळे ऐकून घेऊन निनाद म्हणाला. "सही केली, तर रक्त तुझं होतं हे सिद्ध होईल. संमतीपत्र नाही, म्हणजे नोंदणीच रद्द."

"आप्पांकडे अकरा दिवस आहेत. आणि कापूस तू धरला होतास, निन्या."



"तुम्ही रीतसर अर्ज करा, मॅडम. नव्वद दिवसांत उत्तर मिळेल."

तिने फोन खाली ठेवला. आप्पांनी डोळे उघडले.

"निन्याच ना?" ते म्हणाले. "मग काळजी सोड. घरचा वकील आहे."