वर्षभराचा करार

आमच्या गॅलरीचा कठडा नुसतं बोट लावलं तरी डुगडुगायचा, आणि आमची लेक चिमणी नुकतीच चालायला लागली होती. ज्या दादांनी स्वतःचं भाड्याचं घर परस्पर आम्हाला भाड्याने दिलं होतं, त्यांना म्हटलं, आम्ही घर सोडतो. तर म्हणाले, "अहो ताई, कठडा काय टेकायला असतो? वर्षभराचा करार झालाय, मध्येच कसं सोडता येईल?"

आज सकाळी खरे घरमालक त्या दादांचं बखोट धरूनच दाणदाण जिना चढून आले.

"माझ्या घरात परक्यांचं बिऱ्हाड! शेजारणीचा फोन आला म्हणून कळलं तरी! तासाभरात घर खाली करा!"

दादा मान खाली घालून पुटपुटले, "करार रद्द, ताई."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. "अगं, सामान कधी भरणार आणि तुझ्या आईकडे कधी पोचणार?"

मी चिमणीला कडेवर घेऊन एक गिरकी मारली आणि ह्यांच्या कानात म्हणाले,

"पलंगाखाली बघा, सगळं भरून ठेवलंय. शेजारीण होऊन फोन करायच्या आधीच!"