बारावी फळी

मुकादमानं शेवटचा खिळा ठोकला, स्टुलावरून उतरला आणि फळीवर खडूनं नाव लिहिलं: सेंटीमीटर.

ते तिचं टोपणनाव. सोळा वर्षं लाकडात काढलेली ही बाई उठता-बसता पट्टी काढून मोजायची. ती शिंकतेसुद्धा मोजून, असं कारखान्यात म्हणत. आणि आज तिचीच फळी दारावर लागली. बिघडलेली फळी कारखान्याच्या दारावर ठोकायची, करणाऱ्याचं नाव लिहायचं, म्हणजे जाता-येता सगळे बघतात आणि सुधारतात, अशी तिथली रीत होती. कुणी सुधारल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा हात चुकलेला नाही," ती म्हणाली.

"मग काय मशीन चुकलं? सकाळची पहिली फळी मीच मोजली. खाच सहा मिलिमीटर खोल, अगदी बरोबर. पहिली बरोबर म्हणजे मशीन बरोबर. पुढची चूक हाताची. फळी दाबून धरायला नको?" मुकादमानं दाराकडे बोट केलं. तिच्या फळीशेजारी आणखी अकरा फळ्या होत्या, सगळ्या गुणगुण्याच्या. "त्याला मी अकरापर्यंत सांभाळून घेतलं. तुझ्या वेळी तेवढा दम निघायचा नाही. आणखी एक फळी वर गेली, की तूही मागे, खोकी बांधायला."

गुणगुण्या दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तिच्याच जागी, राउटरच्या, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनच्या, टेबलावर होता. टेबलांच्या खणांसाठी फळ्यांना खाचा पाडायचा आणि गाणं गुणगुणायचा. खाचा उथळ यायला लागल्या, खणांचे तळ बसेनात, तेव्हा मुकादमानं निदान केलं: गाण्यात लक्ष, कामात नाही. आता तो मागच्या कोपऱ्यात खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. तिथं गेलेल्या माणसाचा लाकडाशी संबंध संपायचा. त्याचं मशीन तेव्हापासून बंदच होतं; तिला त्यावर आज सकाळीच बसवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती जेवली नाही. राउटर टेबलाखाली उलटा टांगलेला, भोकातून त्याचं पातं तेवढं वर आलेलं. स्क्रू फिरवून पात्याची उंची ठरवायची आणि लॉक आवळायचं, बस. तिनं पातं सहावर आणलं. तळहात दुखेस्तोवर लॉक आवळलं. मग रद्दी फळ्या घेतल्या, त्यांच्यावर आकडे घातले आणि एकेक फळी सारख्या जोरानं दाबून पुढं सरकवली. पहिली, सहा. पाचवी, सहा. बारावी पावणेसहा. विसावी साडेपाच. मधे तिनं स्क्रूला बोट लावलं नव्हतं.

ती टेबलाखाली शिरली आणि लॉक खोललं. आतला पितळी तुकडा झिजून गुळगुळीत झाला होता. बाहेरून दांडी घट्ट बसल्याचं सांगत होती, आत कशालाच पकड नव्हती. मशीन थरथरायचं आणि स्वतःच्या वजनानं केसभर खाली घसरायचं. पातं खाली, की खाच उथळ. रोज सकाळी पातं नव्यानं सहावर लावायचं, त्यामुळे पहिली फळी मात्र नेहमी बरोबरच येणार. आणि तेवढी एक मोजून हा शहाणा दिवसभर छाती काढून फिरणार!

सुट्टी संपता संपता तिनं वीसच्या वीस फळ्या मुकादमाच्या टेबलावर आदळल्या.

"मोजा."

त्यानं मोजल्या. स्वतःची पट्टी आणून परत मोजल्या. मग घसा खाकरला. "बरं, असेल. लॉक बदलू. काढून टाक तुझी फळी."

"मी का काढू? ज्यानं ठोकली त्यानं काढायची. सगळ्यांसमोर."

मुकादम पुटपुटत स्टुलावर चढला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. खरं तर तिनं आता शांत व्हायला हरकत नव्हती. पण तिचं लक्ष उरलेल्या अकरांकडे गेलं. मुकादम उतरताच ती वर चढली आणि एकेका खाचेत पट्टी घालत गेली. पावणेसहा. साडेपाच. साडेपाच. हाताची चूक असती तर खाच कुठे खोल, कुठे उथळ झाली असती. या खाचा टोकापासून टोकापर्यंत सारख्याच उथळ होत्या.

"अकराच्या अकरा!" ती स्टुलावरूनच ओरडली. मशिनं एकेक करून थांबली. "चांगल्या कारागिराचं नाव तुम्ही दाराला टांगलंत! त्याला चिकटपट्टी लावायला बसवलंत! दोन महिन्यांत त्याचं गाणं ऐकलंय कुणी? आणि एवढ्या माणसांत एकालाही दुपारची फळी मोजावीशी वाटली नाही?"

मुकादम बुटांकडे बघत होता.

"या ठोकल्या कुणी?"

"मी नाही," मुकादम घाईनं म्हणाला. "मी आज पहिल्यांदाच हातोडा धरला. एरवी ज्याला हौस असेल तो ठोकतो."

"मग कुणाला होती एवढी हौस? या पुढं! त्याची माफी मागा!"

कुणी पुढं आलं नाही. पण कुणी मान खालीही घातली नाही. सगळे तिच्याकडेच बघत होते.

गुणगुण्यानं चिकटपट्टी खाली ठेवली आणि तो सावकाश दारापाशी आला.

"उतर गं खाली, पडशील," तो म्हणाला. "मशीन घसरतंय, हे मी तेव्हाच तुला सांगायला आलो होतो. पण तू माझी फळी ठोकत होतीस, तोंडात खिळे होते तुझ्या. म्हटलं, आता कुठं बोलायला लावायचं."