मेथीच हवी

“टीचर, मुझे भी मेथी,” म्हणत पाचवी कुंडी पुढे आली, तेव्हा सफूराने बियांचं पाकीट मिटून टेबलावर ठेवलं.

तिसरीचा बागकामाचा तास सुरू होता. सौदीतल्या या भारतीय शाळेच्या मागच्या अंगणात, दोन भिंतींच्या मधल्या अरुंद पट्टीत मुलं कुंड्या घेऊन बसली होती. वर हिरवी जाळी, कडेला एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवायला ठेवलेल्या बादल्या. बारा वर्षांपूर्वी सफूरानेच हा तास सुरू केला होता. तेव्हा वर्गात चाळीस मुलं असत आणि कुंड्या पुरत नसत. आता बावीस मुलं उरली होती. रिकाम्या कुंड्या एकात एक घालून भिंतीशी रचल्या होत्या.

ती दमली होती. दर रविवारी, आठवड्याच्या पहिल्या शाळेच्या दिवशी, हजेरी घेताना एखादं नाव हाकेला ओ देत नसे. मग कोणीतरी शेजारून सांगे, “टीचर, ते गेले. फायनल एक्झिट.” कुणाच्या वडिलांच्या जागी सौदी माणूस आलेला, कुणाला बायकामुलांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परवडेनासा झालेला. तिच्या स्वतःच्या घरीही तेच. मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदींनीच काम करायचं, असा नियम आला आणि तिचा नवरा नौशाद घरी बसला. दीड वर्ष त्याने शराफियाच्या बाजारात इकडे-तिकडे हातपाय मारले. आता कफीलने, ज्याच्या जामिनावर ते इथे राहत होते त्या सौदी मालकाने, इकामा वाढवायला साफ नकार दिला होता. दाभोळला परतायची तारीख ठरली होती. “शाळेत सांगितलंस का?” नौशाद रोज विचारी. “सांगते,” ती म्हणे. पंधरा दिवस झाले, तिच्याच्याने ते शब्द उच्चारवत नव्हते.

टेबलावर टोमॅटोची रोपं होती. अंड्यांच्या ट्रेमध्ये माती भरून, घराच्या खिडकीत ठेवून, तिने ती महिनाभर वाढवली होती. बावीस रोपं, बावीस मुलं. पण रोपाला हात लावायला कोणी तयार नव्हतं. एकेकजण जवळ येई, रोपाकडे बघे, विचारी, “ये कितने दिन में आएगा?” अडीच महिने म्हटलं की हात मागे. आणि मेथी? पंचवीस दिवस. मग बोटांवर काहीतरी मोजायचं आणि मेथी मागायची.

“तुम्हाला सगळं आजच्या आज हवं असतं,” सफूराचा आवाज चढला. “बटण दाबलं की पिझ्झा दारात. झाड तसं येत नाही. त्याची वाट बघावी लागते. थोडा तरी धीर शिका. मेथी कोणालाही मिळणार नाही. सगळ्यांनी टोमॅटोच लावायचे.”

पहिल्या रांगेतल्या नूरैनने कुंडी छातीशी धरली. ती महाडची. सफूरा तिच्याशी मराठीत बोले, ती उत्तर हिंदीत देई.

“नूरैन, तू सुरुवात कर. घे रोप.”

नूरैन जागची हलली नाही.

“का गं? टोमॅटो आवडत नाही तुला?”

“आवडता है, टीचर,” नूरैन खाली बघत म्हणाली. “लेकिन हमारा टिकट बीस मार्च का है. मेथी तब तक आ जाएगी ना?”

सफूराच्या हातातलं रोप हातातच राहिलं.

“मेरा पच्चीस का,” मागून अरीब म्हणाला. मग झेबा म्हणाली, तिचं एप्रिलच्या दोन तारखेचं. मग आणखी कोणी. हजेरी द्यावी तशी मुलं एकामागून एक तारखा सांगत होती. कोणी रडत नव्हतं. काहींना दिवससुद्धा तोंडपाठ होते. त्यांनी पंचवीस दिवस बोटांवर मोजून पाहिले होते आणि त्यात जे पिकेल तेच मागितलं होतं.

सफूरा स्टुलावर बसली. तिने मेथीचं पाकीट उघडलं आणि प्रत्येकाच्या तळव्यावर चिमूट चिमूट बी ठेवायला लागली. शेवटी ऋग्वेद आला. त्याची आई नंदा सरकारी इस्पितळात नर्स होती. तिची नोकरी पक्की. हे कुटुंब कुठे जाणार नव्हतं. सफूराला जरा हायसं वाटलं. निदान एक रोप तरी लागेल.

“तू तर इथेच आहेस, ऋग्वेद. तू घे टोमॅटो. मे महिन्यात खाशील.”

ऋग्वेदने मान हलवली. “नको, टीचर. मेथीच द्या.”

“अरे, तुला काय घाई आहे?”

“टोमॅटो येतील तेव्हा इथे कोणीच नसणार ना,” तो म्हणाला.

तिने त्याच्याही हातावर मेथी ठेवली. मुलं ओळीने उकिडवी बसून मातीत बी दाबू लागली. पाकिटात थोडं बी उरलं होतं. सफूराने भिंतीशी जाऊन रचलेल्या कुंड्यांतली एक ओढून काढली, तिच्यात माती भरली आणि मुलांपाशी येऊन उभी राहिली. नूरैनने वर पाहिलं.

“आप क्या लगाएँगी, टीचर?”

“मेथी,” सफूरा म्हणाली. “माझं एकतीस मार्चचं आहे.”

नूरैनने आपली कुंडी बाजूला सरकवली आणि तिला रांगेत जागा करून दिली.