बांधलेले हात
पवनेकाठचा नथू झोपेत लाथाबुक्क्या मारायचा. बायकोचे, अंबूबाईचे, दोन दात पडले तेव्हा तिच्या भावांनी त्याला चावडीपुढे गुरासारखं बदडलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून त्याला झोपवलं. नथूचे हात उसळले, तशा कागदावर रेघा धावू लागल्या. "बाई, हे झोपलेत, पण यांचा मेंदू जागा असल्यासारखा लढतोय. यांना मारल्याचं भानच नसतं."

घरी येताच नथूनं स्वतःच चऱ्हाट पुढं केलं. "माझं हात बांध."

सकाळी तिनं गाठी सोडल्या. मनगटं सोलून रक्ताळली होती. नथू हुंदके देत होता.

"अवं, लय दुखतंय का?"

"रोज बिबट्या तुला वढत न्हेतो. रोज मी त्याला हाणून तुला सोडवतो. आज न्हाई सोडवता आलं."